दादाला आधार द्यायचाय, पण वहिनींना विचारलंत का?

पुण्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. माहेर नाशिकरोडला, जेलरोडवर. वडील, म्हणजे अण्णा, नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, वय ७४. तरुणपणापासून बिडी होती. सुटली तोवर उशीर झाला होता. सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांतल्या श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा आजार, आता शेवटच्या टप्प्यात आहे आणि हृदयही कमजोर झालंय. रोज सोळा तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. गेल्या हिवाळ्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं, त्यातलं एकदा आयसीयूत. आई नाही. अण्णा दादा-वहिनींकडे असतात. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दादा सातपूरच्या कंपनीत पाळीने जातो.

त्या लिहितात: ‘अण्णांना दादाच सांभाळतो. तो खंगत चाललाय. फोन केला तर दोन वाक्यांत ठेवतो. काही लागलं तर सांग म्हणते, पण तो कधीच काही सांगत नाही. माणूस ठेव, पैसे मी देते म्हटलं, तर म्हणाला, माझे वडील आहेत, मी करीन. मागच्या खेपेला मी वहिनीला चार गोष्टी सुचवल्या. जेवणात मीठ नसतं, अण्णांना साधा पापड मिळत नाही, पाणीसुद्धा मोजून देते. ऐन थंडीत तोंडावर पंखा. बोटाच्या मशीनवर नव्वद दिसतं तरी ऑक्सिजन वाढवत नाहीत. अण्णांच्या खोलीतल्या देवघरात समई-उदबत्तीही बंद केली आहे. यावर दादा ओरडला, “तू दोन दिवसांची पाहुणी.” वहिनीने शिकवण्या सोडल्यात, त्यामुळे निदान घरी कुणीतरी असतं. पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लावायचा का, ते घरी ठरवून ठेवा असं डॉक्टर म्हणालेत, पण दादा तो विषय काढू देत नाही. अण्णांना काही महिने पुण्याला आणू का? दादाला आधार तरी कसा देऊ?’

ताई,

तुमची माया खरी आहे आणि ती दादापर्यंत पोहोचत नाही याचं दुःखही खरं आहे. तरी आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकताना थोडं लागेल.

‘अण्णांना दादाच सांभाळतो’ असं तुम्ही लिहिलंय. पण दादा पाळीला जातो. नाशिकरोडहून सातपूर म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक. ड्यूटी आणि जाणं-येणं धरून तो दहा-अकरा तास घराबाहेर असणार. तेवढा वेळ अण्णांना श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप कोण देतं, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर कोण लावतं, बाथरूमपर्यंत कोण धरून नेतं, मशीनची नळी पायात येणार नाही हे कोण बघतं? तुमच्या पत्रात वहिनी येतात त्या फक्त चुकताना.

आणि त्या चुकत नाहीयेत. तुमच्या तक्रारी एकेक करून बघू, कारण अशाच तक्रारी मला कितीतरी घरांतून येतात.

मीठ. फुफ्फुसं इतकी खराब झाली की त्यांच्यातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. मग अंगात पाणी साठायला लागतं. आधी पावलं सुजतात, नंतर पोट, आणि धाप वाढते. मीठ हे पाणी धरून ठेवतं. उडदाचा पापड, लोणच्याची फोड, तुम्ही पुण्याहून नेलेलं फरसाण, सगळं त्यात आलं. पाणी मोजून देण्याचं कारणही तेच. डॉक्टरांनी दिवसाचं माप ठरवून दिलेलं असणार. तहान लागलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना ‘आता नको’ म्हणणं सोपं नसतं. ते वहिनींना रोज म्हणावं लागतं, आणि वर नणंदेचं ऐकावं लागतं.

पंखा. चेहऱ्यावर, नाकाजवळ वाऱ्याची झुळूक आली की धाप लागल्याची जाणीव कमी होते. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणारे डॉक्टर हा उपाय आवर्जून सांगतात. अंगावर शाल आणि तोंडावर वारा, डिसेंबरातसुद्धा.

नव्वद. तुमच्या-माझ्या बोटाला नव्वद दिसलं तर घाबरायला हवं. अण्णांसारख्या रुग्णांसाठी मात्र डॉक्टर बहुतेकदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. वर्षानुवर्षं त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत आलेला असू शकतो. अशा वेळी आपल्या मनाने ऑक्सिजन वाढवला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. माणूस गुंगीत जातो, सकाळी डोकं जड होतं, बोलणं असंबद्ध होतं. आकडा वाढलेला बघून घरच्यांना बरं वाटतं आणि आत बिघडत असतं. मशीनचा काटा न फिरवण्याचा निर्णय बरोबर आहे. फोनवरून ‘वाढवा ना’ म्हणणं कृपा करून थांबवा.

समई. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत उघडी ज्योत म्हणजे आगीचं निमंत्रण. उदबत्तीचा आणि धूपाचा धूर त्या फुफ्फुसांना वेगळाच त्रास देतो. अण्णांना चुकल्यासारखं वाटत असेल तर देवापुढे विजेचा दिवा लावता येईल. पण हा निर्णय घेताना त्या माउलीला घरातल्या किती जणांचा विरोध झाला असेल, याचा विचार करा.

शिकवण्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या वहिनींच्या स्वतःच्या कमाईच्या होत्या. त्यांच्या दिवसातले तेवढेच तास अण्णांच्या आजारापासून लांब होते. ते गेले. अण्णांच्या आजाराची किंमत घरात सगळ्यात जास्त कुणी मोजली, हे ‘निदान घरी कुणीतरी असतं’ या वाक्यात दडून गेलंय.

हे सगळं तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. दूर राहणाऱ्या मुलांना तुकडे दिसतात: फोनवरचा आवाज, ऑक्सिमीटरचा फोटो, दोन दिवसांची भेट. त्या तुकड्यांत काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काळजीपोटी आपण सूचना करतो. पण जवळच्याला प्रत्येक सूचना ‘तुमचं कमी पडतंय’ अशीच ऐकू येते. दादाचं ओरडणं तिथून आलं असावं. बायकोची बाजू घ्यायला त्याच्याकडे त्या क्षणी तेवढंच वाक्य होतं. ते वाईट वाक्य आहे, माहेरवाशिणीला फार लागणारं आहे, पण ते मनात धरून बसू नका.

आता ‘काही लागलं तर सांग’ याबद्दल. हे वाक्य आपण सगळेच प्रेमाने म्हणतो. पण त्यात समोरच्याला एक काम वाढतं: काय हवंय ते त्याने शोधायचं, मग तोंड उघडून मागायचं. रात्री तीनदा उठलेल्या माणसाला ते जमत नाही. शिवाय ‘माझे वडील आहेत, मी करीन’ म्हणणाऱ्या थोरल्या भावाला धाकट्या बहिणीकडे मागणं जड जातं. तेव्हा विचारू नका, एखादं काम आख्खं अंगावर घ्या. त्या कामाची आठवण ठेवण्यासकट, त्यामागच्या फोनाफोनीसकट.

पुण्यात बसून करण्यासारखं बरंच आहे. औषधं संपायच्या आठवडाभर आधी मागवून घरपोच करणं. मशीनचं सर्व्हिसिंग, फिल्टर, नळ्या, त्या विक्रेत्याच्या मागे लागणं. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटा, फाइल, रिपोर्ट. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घेणं. ते थंडी सुरू व्हायच्या आत व्हायला हवं, कारण नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की अशा घरांत दवाखान्याच्या वाऱ्या सुरू होतात. आणि नातेवाइकांचे फोन! ‘अण्णा कसे आहेत’ हे रोज पाच जणांना सांगणं थकवणारं असतं. भाऊबंदांना सांगून टाका, अण्णांची खबर आता माझ्याकडून घ्यायची.

विजेच्या बिलाकडेही बघा. अशी मशीन साधारण ३५० वॉट घेतात. रोज सोळा तास म्हणजे साडेपाच युनिटांच्या वर, महिन्याला दीडशेहून जास्त. त्यात युनिट वाढले की दराचा टप्पाही वरचा लागतो. दादा हे कधी बोलणार नाही. ‘लाइटबिल आता मी भरणार’ एवढं सांगून भरायला लागा. माणूस ठेवायला दिलेले पैसे त्याला कमीपणाचे वाटले, बिलाचे तसे वाटणार नाहीत.

वीज गेल्यावर काय, हे त्याच्या डोक्यात सतत असणार. नाशिककरांच्या मनात ऑक्सिजन या शब्दाला २१ एप्रिल २०२१ चिकटलेली आहे. महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि व्हेंटिलेटरवरची माणसं गेली, तो दिवस. घरात एक भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि तो जोडता येणारी निदान दोन माणसं हवीत. त्यातल्या एक तुम्ही व्हा. सिलिंडर आणून देणारा रात्री फोन उचलतो का, हे आधीच करून बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, अण्णांना पुण्याला आणायचा.

या कल्पनेत तुमची ओढ आहे, पण ती अण्णांच्या सोयीची आहे का हे तपासा. चार-पाच तासांचा रस्ता, गाडीत ऑक्सिजन, दुसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवणं, नवे डॉक्टर, नवी खोली, प्रेसमधले जुने मित्र नाहीत. अशा आजारात माणूस आपल्या अंथरुणाच्या, बाथरूमच्या, खिडकीच्या हिशेबाने जगत असतो. चार पावलं वाढली तरी धाप लागते. हिवाळ्यात तर हलवूच नका. उन्हाळ्यात, तब्येत स्थिर असताना, डॉक्टरांची संमती असेल आणि अण्णा स्वतः ‘चल’ म्हणाले, तर पंधरा दिवसांचा विचार करता येईल. ‘काही महिने’ असं सुरुवातीलाच बोलू नका. दादाला ते ‘तुझ्याकडून काढून घेते’ असं ऐकू येईल.

त्यापेक्षा तुम्ही नाशिकला या. तुमचं काम लॅपटॉपवरचं असेल आणि ऑफिस परवानगी देत असेल तर महिन्यातला एक आठवडा जेलरोडवरून करा. ते शक्य नसेल तर महिन्यातले ठरलेले दोन शनिवार-रविवार. पण पाहुणी म्हणून येऊ नका. तुम्ही आल्यावर वहिनी पुरणपोळी करणार असतील तर त्यांचं काम वाढलं. तुम्ही आलात की त्या दोन रात्री अण्णांच्या खोलीत तुम्ही झोपायचं आणि वहिनींनी दुसऱ्या खोलीत दार लावून. सुरुवातीला त्यांना झोप लागणार नाही, कान मशीनच्या आवाजाकडेच असतील. दोन-तीन खेपांनी लागेल. पुढे त्यांना माहेरी एक दिवस जायचं असेल, नुसतं गंगेवर, गोदाकाठी, जाऊन बसायचं असेल, तर ते तुमच्या जिवावर करता आलं पाहिजे.

मात्र त्याआधी शिकून घ्या. एक सकाळ वहिनींच्या मागे मागे फिरा, वही घेऊन. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप कसा द्यायचा आणि नंतर चूळ का भरायची. लघवीची गोळी सकाळी का द्यायची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. अंगदुखीची गोळी मनाने द्यायची नाही, कारण त्यातल्या काहींनी अंगात पाणी साठतं. कफ पिवळा-हिरवा झाला, पायांची सूज चढली, उशांची संख्या वाढवूनही झोपता येईना, दिवसा गुंगी येऊ लागली, ओठ निळसर दिसले, तर केव्हा थांबायचं आणि केव्हा १०८ ला फोन करायचा, हे डॉक्टरांकडूनच एका कागदावर लिहून घ्या. त्या कागदावर औषधांची यादी, ऑक्सिजनचा ठरलेला वेग आणि अण्णांसाठीचं लक्ष्य हेही हवं. रात्रीच्या घाईत नव्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचं. कागद फ्रिजवर लावा. शेजारच्या दोन तरुण मुलांशी आधीच बोलून ठेवा की खुर्ची उतरवायची वेळ आली तर हाक मारू.

पगारी मदतीचा विषय संपलेला नाही, पण तो दादाकडे पुन्हा काढू नका. वहिनींना विचारा. त्यांना पूर्ण दिवसाचा परका माणूस घरात नको असेल, आणि ते मला समजतं. त्यांच्या घरात त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. पण अंघोळीपुरता दोन तास येणारा एखादा वॉर्डबॉय किंवा आठवड्यातून काही रात्रींसाठी केअरटेकर चालेल का? की त्यापेक्षा स्वयंपाकाला बाई लावली तर बरं पडेल? कदाचित त्या म्हणतील, संध्याकाळी दोन तास कुणी अण्णांजवळ बसलं तर मी शिकवण्या पुन्हा सुरू करीन. तसं म्हणाल्या तर तुमचे पैसे तिथे घाला. इतकं चांगलं कारण दुसरं मिळणार नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. केंद्र सरकारच्या दुसऱ्या आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, म्हणून अण्णांची प्रेसकडची वैद्यकीय सोय नेमकी काय आहे ते आधी बघा. घरचं मशीन आणि केअरटेकर यांचा खर्च मात्र या कार्डात येत नाही. तो तुम्हा भावंडांनाच वाटून घ्यावा लागेल.

आता व्हेंटिलेटर, म्हणजे घशात नळी घालून श्वास देणारं मशीन. सगळ्यात कठीण.

दादा हा विषय काढू देत नाही, कारण त्याला वाटतं की बोललं म्हणजे अण्णांना सोडून दिलं. तुम्हाला वाटतंय की दादाने ठरवावं. दोघंही एक गोष्ट विसरताय: अण्णा शुद्धीत आहेत. आयसीयूतले दिवस त्यांनी स्वतः भोगलेत. त्यांना विचारलं का कुणी?

विचारायला ‘व्हेंटिलेटर’ या शब्दाने सुरुवात करायची गरज नाही. ते निवांत असतील तेव्हा एवढंच विचारा: ‘अण्णा, मागच्या वेळी दवाखान्यात तो घट्ट मास्क लावला होता, तेव्हा कसं वाटत होतं?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका. बरीच म्हातारी माणसं या प्रश्नाची वाटच बघत असतात. मुलं घाबरतील म्हणून ती गप्प असतात. अण्णा म्हणतील, पुन्हा लावा, अजून नातवाचं लग्न बघायचंय. किंवा म्हणतील, मास्कपर्यंत ठीक, घशात नळी नको. किंवा उत्तरच देणार नाहीत, तेही चालेल, पुन्हा कधीतरी विचारता येईल. तीनही उत्तरांचा मान ठेवायची तयारी करूनच विचारा. आणि हे बोलणं दादाच्या पाठीमागे करू नका. त्याला आधी सांगा: ‘निर्णयाचं ओझं तुझ्या एकट्यावर राहू नये म्हणून मी अण्णांना विचारणार आहे. तू समोर बस, बोलायला हवंच असं नाही.’

अण्णांची इच्छा स्पष्ट असेल तर ती लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन लागतं. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्या व्यक्तीचं नावही त्यात घालता येतं. एक प्रत डॉक्टरांकडे द्या.

नळी नको म्हणणं म्हणजे उपचार नको म्हणणं नाही, हे दादाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. पुढच्या भेटीत विचारा की पॅलिएटिव्ह केअरची मदत आत्ताच घेता येईल का. हे फक्त कॅन्सरवाल्यांसाठी किंवा शेवटच्या दोन दिवसांसाठी असतं, हा समज फार पसरलाय आणि त्यामुळे धापेने तळमळणारी माणसं उगीच सोसत राहतात. बाकी सगळं करूनही धाप हटत नसेल तर हे डॉक्टर अगदी कमी मात्रेत मॉर्फिन देऊन ती सुसह्य करतात. ते मनाने कधीच घ्यायचं नसतं, पण नाव ऐकूनच नकारही देऊ नका. घाबरलेल्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना धापेचा झटका आल्यावर काय करायचं, हेही तेच शिकवतात. अण्णांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा, सिव्हिलमध्येही चौकशी करा.

अशा घरात सांभाळणाऱ्याच्या मनात कधीतरी ‘सुटले तर बरं’ असं येऊन जातं. दादाच्या मनात आलं असेल, वहिनींच्याही. त्यांनी कधी तुमच्याजवळ ते बोलून दाखवलं तर दचकू नका आणि ‘असं बोलू नये’ म्हणू नका. थकलेला माणूस अण्णांच्या हालांबद्दल बोलत असतो. झोप उडणं, सतत रडू येणं, जेवण तुटणं असं काही दिसलं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. आणि वहिनींचं बीपी शेवटचं कधी तपासलं, हे कुणालाच माहीत नसेल अशी माझी शंका आहे. पुढच्या खेपेला तुम्हीच त्यांना घेऊन जा.

पण सगळ्यात आधी वहिनींना फोन करा. दादाच्या नंबरवर नको, त्यांच्या. मीठ, पंखा, ऑक्सिजन यांबद्दल मी उगीच बोलले, तुम्ही बरोबर करत होता, असं सरळ म्हणा. लगेच मन मोकळं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. इतके दिवसांचं साठलेलं आहे, कदाचित त्या ‘असू दे हो’ म्हणून विषय बदलतील. बदलू द्या. मग सांगा की येत्या शनिवारी मी येतेय, जेवण करून येतेय, आणि रात्री अण्णांजवळ मी झोपणार आहे. फक्त मशीन कसं लावायचं, तेवढं संध्याकाळी मला दाखवून ठेवा.